आवाजवाली छावणीत जाते

जवानांचं मन रमवायला परदेशातल्या छावणीत जी मंडळी न्यायची ठरली, त्यांत एक गायिका होती, एक जादूगार होता आणि तिसरी मी. गायिकेचं नाव मोठं, जादूगाराचं सामान मोठं. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. मी तोंडाने आवाज काढते. सुरू न होणारी स्कूटर, गळका नळ, चार घरांच्या चार तऱ्हेच्या बेली, शेजारणीचं खोटं हसणं. कुणाकडे शिकले नाही. लहानपणी लांबलेल्या आजारपणात पडल्या पडल्या घर ऐकत राहिले, आणि एक दिवस दाराची कडी तोंडातून निघाली. आईने हातातलं काम टाकून दार उघडलं. तिथून माझी कारकीर्द सुरू झाली असं मी मुलाखतीत सांगणार आहे. मुलाखत अजून कोणी घेतलेली नाही.

मी हो म्हटलं त्याला कारण माझा नवरा. तो त्याच छावणीत जनरेटरचा मेकॅनिक. एका वर्षासाठी म्हणून गेला, मग मुदत वाढवून घेतली, मग पुन्हा वाढवून घेतली. आता ती मुदतही संपत आली होती आणि तो तिसऱ्यांदा वाढवून मागणार अशी कुणकुण मला त्याच्या भावाकडून लागली. म्हणजे मी बायको असून मला ती बातमी दिराकडून कळावी, इथपर्यंत आमचं आलं होतं. मला त्याला समोरासमोर विचारायचं होतं, घरी येणार आहात की नाही. तेवढ्यासाठी मी विमानात बसले, आणि विमानाची मला किती भीती वाटते ते माझ्या शेजारच्या जादूगाराच्या मनगटाला विचारा.

फोनवर विचारून झालं होतं. फोनवर तो सगळ्यालाच 'हो' म्हणायचा. हो, बरं, काळजी घे. या तीन गोळ्या सकाळ-संध्याकाळ. टाकी गळते म्हटलं तरी हो, बरं. मला ताप आहे म्हटलं तरी हो, बरं, काळजी घे. आमच्या लेकीने रडत रडत त्याला सांगितलं की बाबा, मी गणितात नापास झाले. तर हा म्हणाला, "छान, छान. असाच अभ्यास कर." तिला वाटलं बाबा टोमणा मारतायत. त्या दिवसापासून ती फोनला आली नाही. माझ्या जावेने तर भाजी निवडता निवडता निकालच देऊन टाकला, की पुरुष माणूस असा तुटक बोलायला लागला म्हणजे तिकडे कोणीतरी असणार. मी तिला म्हटलं, ह्यांना घरची एक सांभाळता येईना, दुसरी काय सांभाळणार. हसण्यावारी नेलं. पण माणूस हसण्यावारी नेलेलं घरी आणून उशाशी ठेवतो.

आमच्या मॅनेजरांना मी आधीच सांगून टाकलं होतं की नवरा तिथेच आहे. ते म्हणाले, "ताई, आधी कार्यक्रम, मग नवरा." मी म्हटलं, इतकी वर्षं हाच क्रम चालत आलाय.

छावणी म्हणजे पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा, त्यांच्या कडेने वाळूची पोती रचलेली, आणि सगळ्यावर एकाच रंगाची धूळ. चहाच्या कपापासून माणसांच्या पापण्यांपर्यंत तोच रंग. जवानांच्या करमणुकीची जबाबदारी असलेले एक अधिकारी होते. त्यांनी आम्हाला रांगेत बसवून नियम सांगितले. युद्धाचं काही नको. गोळी, फटाका, भोंगा, काही नको, कारण इथे आठवड्यातून एकदोनदा खरंच वरून रॉकेट येतं. आणि घरची फार आठवण होईल असंही काही नको. पोरं हसली पाहिजेत, रडली नाही पाहिजेत. गायिकाबाईंनी विचारलं, मग मी गाऊ काय? मला वाटलं, माझं बरं आहे. माझे आवाज घरगुती, कोणाला न दुखवणारे.

नवरा मला जनरेटरच्या शेडच्या दारात भेटला. हातात पाना, गालाला काळं. मला बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"तू? इथे?"

मी फोनवर दोनदा सांगितलं होतं. तारीख, विमान, सगळं. त्यावर तो हो, बरं, म्हणालाही होता. मी म्हटलं, सांगितलं होतं की तुम्हाला. त्यावर तो घाईने म्हणाला, "हो हो, सांगितलं होतंस." म्हणजे मी येणार हे त्याच्या लक्षातही राहिलं नव्हतं. विमानातून उतरताना मी जेवढी खाली आले नव्हते तेवढी त्या क्षणी आले.

मग तो मला शेडमध्ये घेऊन गेला. नवराबायको इतक्या वर्षांनी भेटली तर माणूस कुठे कोपरा बघतो, झाड बघतो. हा मला तिथे घेऊन गेला जिथे चार यंत्रं एका वेळी धडधडत होती आणि माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. कानांवर लावायचे डबे भिंतीवर ओळीने टांगलेले, घाम येतो म्हणून कोणी लावत नाही. आत पाच-सहा माणसं. ती सगळी हातांनी बोलत होती. दोन बोटं ओठाला लावली की चहा. गळ्यावरून आडवा हात फिरवला की यंत्र बंद कर. पोटापुढे मोठा गोल काढला की एक जाडा फिटर, तो स्वतःच स्वतःला तसं दाखवत होता. आणि माझा नवरा, जो घरी 'भाजीत मीठ कमी आहे' एवढं मोठं वाक्य सणासुदीलाच बोलायचा, तो तिथे दोन्ही हातांनी गप्पा मारत होता. त्याने माझ्याकडे बोट केलं आणि तोंडाजवळ हाताची चोच करून भराभरा उघडझाप केली. सगळे हसले. मीही हसले, कारण बायकोला असं दाखवायची पद्धत बहुतेक जगभर हीच असावी. पण आतून काहीतरी टोचलं. मी किती दिवसांनी त्याला हसताना बघत होते, आणि तो दुसऱ्यांबरोबर हसत होता.

बाहेर आल्यावर मी त्याला काही सांगायला लागले तर तो माझ्या ओठांकडे बघायला लागला. एकटक. या वयात मला लाज वाटली. पदराने ओठ पुसले, वाटलं विमानातला जाम लागला असेल. मग दोन खोल्यांच्या मधल्या अरुंद वाटेने आम्ही निघालो. तो पुढे, मी मागे. त्याच्या पाठीकडे बघत मी धीर केला आणि विचारून टाकलं.

"घरी येणार आहात की नाही?"

तो चालत राहिला. पाठ तशीच, खांदे तसेच. पावलाचा वेगसुद्धा बदलला नाही. मी वाट बघितली, वाट संपली, आणि उजेडात आल्यावर तो वळून म्हणाला की जेवणघर डावीकडे आहे. मला माझं उत्तर मिळालं असं मी धरून चालले.

संध्याकाळी कार्यक्रम त्याच जेवणघरात. टेबलं बाजूला सरकवून खुर्च्या मांडलेल्या, मागे दाराशी उभी राहिलेली गर्दी. गायिकाबाईंनी तीन गाणी म्हटली, त्यांतलं तिसरं नियमात बसणारं नव्हतं आणि तेच लोकांनी पुन्हा मागितलं. जादूगाराने अधिकाऱ्यांच्या टोपीतून साबणाची वडी काढली. मग मी. मी स्कूटर केली, लोक हसले. टेलिफोनवर ओरडणारा म्हातारा केला, हसले. मग मागून कोणीतरी म्हणालं, "ताई, स्वयंपाकघर करा. सकाळचं."

माझा नवरा मागच्या दाराशी उभा होता, हाताची घडी घालून. मी सकाळचं स्वयंपाकघर करायला घेतलं, पण ते कुणाचंही नव्हतं. आमचंच होतं. आमचा नळ सुरू होताना आधी दोनदा खोकतो, तो तसाच केला. लायटर तिसऱ्या खेपेला पेटतो, तसाच. डब्याचं झाकण, ते नीट बसत नाही म्हणून तळव्याने मारलेली थाप. लेकीची घसटत येणारी चप्पल. मला त्याला म्हणायचं होतं की बघा, हे सगळं आहे जागच्या जागी, एक माणूस तेवढा नाही. जेवणघर इतकं शांत झालं होतं की अधिकारी अस्वस्थ होऊन उभे राहिले. मग मी कुकर ठेवला. कुकर हे माझं खरं काम. आधी नुसती वाफेची कुजबुज, मग शिट्टीचा दांडा जागच्या जागी थरथरतो ते, मग बारीक सूर धरतो आणि वर वर चढत जातो, आणि मग एकदम.

मी शिट्टी दिली आणि सगळं जेवणघर जमिनीवर पडलं.

खुर्च्या उलटल्या. माणसं पालथी, डोक्यावर हात. गायिकाबाई टेबलाखाली, जादूगार गायिकाबाईंच्या मागे. अधिकारी सगळ्यांत आधी पडले होते, तेही अगदी सराईतपणे. मला काही कळेना, माझ्या तोंडात अजून वाफ होती. पुढे कोणीतरी मला सांगितलं की वरून येणारी वस्तू पडायच्या आधी अशीच चढत्या सुरात शिट्टी घालते. मला फटाका नको सांगितलं, भोंगा नको सांगितलं, कुकर कोणाच्या डोक्यात येणार.

आणि त्या सगळ्या पडलेल्या माणसांच्या पलीकडे, दाराशी, एक माणूस उभा होता. हाताची घडी तशीच. एक क्षण, खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला. बघा माझा नवरा, हलला नाही. मग मी त्याचा चेहरा बघितला. तो शूर चेहरा नव्हता. तो इकडे बघत होता, तिकडे बघत होता, या माणसांना काय झालं ते शोधत होता. मग त्या जाड्या फिटरने पडल्या पडल्या हात लांब करून त्याची विजार धरून ओढली, आणि तो खाली बसला. सगळ्यांत शेवटी.

जमिनीवरून कोणाचा तरी आवाज आला, "तिसरी झाली, गॅस बंद करा." एकजण फिसकन हसला, मग दुसरा, आणि मग सगळं जेवणघर पालथं पडूनच हसायला लागलं. काहींचं हसणं बराच वेळ थांबेना आणि नंतर ते हसणं राहिलं नाही. मनोधैर्य वाढलं की नाही मला सांगता येणार नाही. अधिकाऱ्यांनी धूळ झटकत कार्यक्रम संपल्याचं जाहीर केलं.

मी स्टेजवर तशीच उभी होते. ती अरुंद वाट मला आठवली, ती पाठ, ते न बदललेलं पाऊल. छान छान, असाच अभ्यास कर. हो, बरं, काळजी घे. सगळं एकेक करून उलटं फिरलं आणि आपापल्या जागी जाऊन बसलं. त्याने मला उत्तर दिलंच नव्हतं, कारण त्याला प्रश्नच पोचला नव्हता. आणि पाठोपाठ दुसरी गोष्ट लक्षात आली. आज शिट्टी माझी होती. खरी शिट्टी वाजेल तेव्हाही हा असाच हाताची घडी घालून उभा राहणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला पाण्याच्या टाकीच्या सावलीत गाठलं. पत्र्याच्या डब्यावर बसून तो एक गाळणी साफ करत होता. मी मागून गेले आणि त्याच्या कानांची परीक्षा घेतली. आमची बेल केली. काही नाही. चिमणी केली. काही नाही. मग पोटातून घुमवून आमच्या सोसायटीची पाण्याची मोटर केली, तर त्याने मान वर करून टाकीकडे बघितलं. मी समोर येऊन बसले आणि म्हटलं, कधीपासून.

तो गाळणीशी खेळत राहिला. मग सांगायला लागला, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबला नाही. पहिल्या वर्षी शेडच्या मागे एक पडलं होतं. कानात आठवडाभर घंटा वाजत राहिली. घंटा गेली तेव्हा बरोबर बरंच काही घेऊन गेली. जाडे, घोगरे आवाज येतात. पुरुष बोलले तर समजतं, समोर असले तर. बारीक आवाज येतच नाहीत. पाखरं गेली, बेल गेली, फोनमधली लेक गेली. फोनमध्ये तिचं म्हणे नुसतं सळसळ सळसळ येतं, कोणी लांब कागद चुरगाळतंय तसं. तरी तो फोन कानाला धरून ठेवायचा, ती थांबली असं वाटलं की छान म्हणायचा.

दरवर्षी डॉक्टर तपासतात, मग कसं कळलं नाही, विचारलं. तर डॉक्टर मागे उभं राहून शब्द बोलतात आणि समोर औषधांचं काचेचं कपाट आहे. काचेत डॉक्टरांचे ओठ दिसतात. एवढं सांगताना त्याला थोडं हसू आलं, शाळेत कॉपी केलेल्या मुलासारखं.

मी हसले नाही. विचारलं, मग घरी का नाही आलात.

"घरी येऊन काय करू? तू बोलणार, आणि मी तोंडाकडे बघत बसणार. तिथे सगळ्यांना ऐकू येतं. इथे शेडमध्ये कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही. इथे मी बरा असतो."

मी आयुष्यभर आवाज काढून माणसं जोडली आणि माझ्या घरातला माणूस आवाज नसलेल्या जागी सुखात होता. वाटलं उठून जावं. मग विचारलं, वरून आलं तर कसं कळतं. तो सहज म्हणाला, जाडा खेचतो. शेडमधल्या सगळ्यांना माहीत आहे. त्यांनीच ठरवून ठेवलंय, जाड्याची जागा माझ्या शेजारी. शिट्टी ऐकू आली की तो आधी माझी कॉलर धरतो, मग आम्ही पळतो.

"तो आधी तुमच्याकडे येतो?"

"हो."

"म्हणजे पोत्यांकडे पळायचं सोडून उलट्या बाजूला. एवढा जाडा माणूस."

तो माझ्या ओठांकडे बघत होता. मला वाटलं त्याला नीट समजलं नसावं म्हणून मी पुन्हा म्हणणार होते, पण त्याने हात वर करून मला थांबवलं. समजलं होतं. शेडच्या दारातून जाडा फिटर दिसत होता, कसल्या तरी नळीशी झटापट करत, पाठ घामाने भिजलेली. त्याच्याकडे माझा नवरा बराच वेळ बघत राहिला. मग त्याने गाळणी ठेवली, फडक्याला हात पुसले, बोटांच्या पेरांतलं काळंही पुसलं, जणू कुठे पाहुणा म्हणून जायचंय, आणि म्हणाला, "चल."

डॉक्टरांची खोली म्हणजे एक खाट, एक टेबल, दोन खुर्च्या आणि ते कपाट. डॉक्टर वयाने लहान, आवाज मात्र विहिरीतून आल्यासारखा. नवऱ्याने त्यांना फार काही सांगितलं नाही. त्याने स्वतःच खुर्ची उचलली, कपाटाकडे पाठ होईल अशी फिरवली आणि कोऱ्या भिंतीकडे तोंड करून बसला. डॉक्टरांनी आधी खुर्चीकडे बघितलं, मग कपाटाकडे, मग काचेतल्या स्वतःकडे. त्यांना कळलं. रागावले नाहीत. मला म्हणाले, यांचं इथलं काम आज संपेल, हे तुम्हाला माहीत आहे ना. मी मान हलवली.

त्यांनी मागे उभं राहून काही शब्द टाकले. त्यांचा आवाज जाडा, त्यामुळे अर्धेअधिक शब्द नवऱ्याने बरोबर सांगितले. मग ते माझ्याकडे वळले. म्हणाले, बारीक आवाजाचं बघायला हवं. तुम्ही बोला. नक्कल नको, तुमच्या नेहमीच्या आवाजात, काहीही. नवऱ्याला त्यांनी मोठ्याने सांगितलं की बाई बोलतील, ऐकू आलं की हात वर करायचा.

मी त्याच्या पाठीमागे उभी राहिले. मला शंभर आवाज येतात, आणि नेहमीचा म्हणजे कुठला ते पटकन सापडेना. घसा खाकरला. मग म्हटलं, टाकी दुरुस्त केली. नवीन माणूस बघितला, त्याने लुटलं. लेक दुसऱ्या परीक्षेत पास झाली, तुम्हाला सांगायचं राहिलं, म्हणजे सांगितलं होतं, असो. तुमच्या भावाशी मी भांडले. त्याचा हात मांडीवर होता. नखांत राहिलेलं काळं मला दिसत होतं.

"मला वाटलं तुम्हाला मी नकोशी झाले," मी म्हटलं. "जाऊ म्हणाली, कोणीतरी असेल. मी हसले, आणि मग रोज तेच मनात. तुमच्या बाजूला मी अजून झोपत नाही. पलंग एवढा मोठा, आणि मी कडेला, पडेन अशी. फोन आला की आधी पाणी पिऊन घेते, आवाज चांगला लागावा म्हणून. तुम्हाला काही ऐकू नाही आलं तरी चालेल. मला तुम्ही घरात हवे आहात. रागावून बसा, पेपर वाचत बसा, पण घरात."

डॉक्टर खिडकीपाशी जाऊन बाहेर बघायला लागले होते. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं. हात मांडीवर तसाच होता.

नवऱ्याने भिंतीकडे बघत, जरा अवघडून, मान किंचित तिरपी केली.

"अजून सुरू नाही केलं का?" त्याने विचारलं.

मी डोळे पुसले आणि खुर्चीला वळसा घालून त्याच्या समोर, भिंतीला टेकून जमिनीवर बसले, माझं तोंड त्याला नीट दिसेल अशी. "आता करते," मी म्हटलं.